आईबाप दोघेही अल्बिनो, पिल्लं मात्र सगळी साधी. असं कसं?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. हा विभाग मुख्यतः कुत्र्यामांजरांचा आहे हे ठाऊक आहे, तरी इथेच विचारतो. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं तर "साप? घरात?" यापुढे चर्चा सरकणार नाही.

माझा अकरावीतला मुलगा बॉल पायथन पाळतो. आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर, बिनविषारी, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. त्याच्याकडचा नर अल्बिनो आहे: पांढऱ्यावर पिवळी नक्षी, डोळे लाल. गेल्या वर्षी ओळखीच्या एकाकडून मादी घेतली, तीही "अल्बिनो" म्हणूनच. तिचा पांढरा भाग मात्र जरा जांभळट झाक मारतो. दोघांची जोडी लावली, सहा अंडी आली, सहाही फुटली आणि पिल्लं निघाली चक्क जंगली रंगाची. काळी-तपकिरी, एकही पांढरं नाही.

शाळेत वाटाण्यांवर शिकलो त्यानुसार अल्बिनो हा अप्रभावी गुण. दोन्ही पालक अल्बिनो असतील तर दोघांकडेही दुसरं काही द्यायलाच नाही, मग सगळी पिल्लं अल्बिनो व्हायला हवीत. मुलगा म्हणतो फसवणूक झाली. मला तसं वाटत नाही, कारण मादी डोळ्यांसमोर आहे आणि ती काही रंगवलेली नाही. जाणकारांनी सांगावं.

बटाटावडा

शेजारच्या बंगल्यातल्या सापांची चौकशी केलीत का? 😀

(गंमत सोडा, उत्सुकता आहे. खुर्ची घेऊन बसलोय.)

डबल_हेट

ओहायोकर, मादी लॅव्हेंडर अल्बिनो आहे. फोटो न बघता सांगतो, "जांभळट झाक" एवढं पुरे आहे. विकणाऱ्याने फसवलं नाही, अर्धवट नाव सांगितलं.

मी टेक्सासात बरीच वर्षं यांचं ब्रीडिंग करतोय. या धंद्यात "अल्बिनो" हा एक गुण नाही. अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो, अल्ट्रामेल, कॅरॅमल अल्बिनो असे कितीतरी वेगळे मॉर्फ आहेत (रंग-नक्षीच्या प्रत्येक वेगळ्या वाणाला मॉर्फ म्हणतात). दिसायला सगळे एकाच घरातले, पण बिघाड वेगवेगळ्या जनुकांत. तुमच्या नराचं 'अ' जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं, 'ल' जनुक ठणठणीत. मादीचं उलट. प्रत्येक पिल्लाला बापाकडून चांगलं 'ल' आणि आईकडून चांगलं 'अ' मिळालं. दोन्ही कामं चालू, म्हणून रंग पूर्ण.

दोन पांढरे साप एकाच कारणाने पांढरे आहेत की दोन कारणांनी, हे ठरवायची जुनी रीतच ही आहे: जोडी लावायची. पिल्लं पांढरी निघाली तर जनुक एकच, साधी निघाली तर वेगवेगळी. उदाहरणार्थ कँडी नावाचा मॉर्फ अल्बिनोशी लावला तर पिल्लं साधी निघत नाहीत, मधल्याच छटेची निघतात. त्यांना कँडिनो म्हणतात. म्हणजे कँडी आणि अल्बिनो ही एकाच जनुकाची दोन रूपं. तुमच्या मुलाने नकळत हीच परीक्षा घेतली आणि उत्तर स्वच्छ आलं.

तुमच्या सहाही पिल्लांना माझ्या नावाने हाक मारायला हरकत नाही.

कृष्णाकाठ

चर्चा वाचून आणखी कोणी "आपणही आणू या" म्हणायच्या आत एक सांगतो. मी सांगली भागात सर्पमित्र म्हणून काम करतो. आपल्याकडचा देशी साप पाळता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. अजगर तर पहिल्या अनुसूचीत. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २मध्ये येतो, आणि २०२२च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. ज्याच्याकडे असेल त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. पिल्लं झाली, मेली, दुसऱ्याला दिली, तरी कळवायचं. आणि बँकॉकहून बॅगेत घालून आणणं हा सरळ तस्करीचा गुन्हा. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पकडले, ते याच रंगीत बाजारासाठी.

आता शंका. "हेट" हा काय प्रकार? विक्रीच्या जाहिरातीत "६६ टक्के हेट" असं वाचलंय. साप ६६ टक्के कसा असतो?

जनुकवाली

छान धागा. पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते, साप नाही, पण रंगपेशींशी रोजचा संबंध येतो. डबल_हेट यांनी 'अ' आणि 'ल' म्हटलंय, त्या अक्षरांमागे आता खरी जनुकं सापडली आहेत.

आधी रंग. सापाच्या कातडीत मुख्यतः तीन तऱ्हेच्या रंगपेशी असतात. मेलॅनोफोरमध्ये काळा-तपकिरी मेलॅनिन. झँथोफोरमध्ये पिवळे-लाल रंग. इरिडोफोरमध्ये रंगद्रव्य नाहीच, प्रकाश परतवणारे स्फटिक असतात. अल्बिनो सापात फक्त पहिलं खातं बंद पडतं, पिवळं चालूच राहतं. म्हणून तो माणसातल्या किंवा उंदरातल्या अल्बिनोसारखा नुसता पांढरा दिसत नाही.

२०२२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाळणाऱ्या लोकांकडूनच कात मागवली होती. सापाला सुईसुद्धा न टोचता डीएनए मिळाला. त्यात दिसलं की अल्बिनोचा बिघाड टायरोसिनेज या विकराच्या जनुकात आहे. मेलॅनिन बनवण्याची पहिली पायरीच त्याच्या हातात असते. लॅव्हेंडरचा बिघाड ओसीए२ या जनुकात. ते रंगद्रव्य घडणाऱ्या पिशवीच्या आतलं वातावरण सांभाळतं, म्हणून तिथे काम पूर्ण थांबत नाही, अडखळतं, आणि थोडी जांभळट सावली उरते. अल्ट्रामेलचा दोष तिसऱ्याच ठिकाणी, टायआरपी१मध्ये. ब्रीडर लोक कित्येक वर्षं "टी-निगेटिव्ह" आणि "टी-पॉझिटिव्ह" अल्बिनो म्हणत आले. टी म्हणजे टायरोसिनेज, निगेटिव्ह म्हणजे ते काम करत नाही असा, पॉझिटिव्ह म्हणजे करतं असा. अंदाज बरोबर होता.

गोंधळ वाढवायला एक जोड. अमेरिकेतला कॉर्न स्नेक हा पाळीव सापांतला दुसरा लाडका. त्याच्या "अ‍ॅमेल" म्हणजे मेलॅनिनहीन मॉर्फचा उलगडा २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या गटाने केला. तिथे ओसीए२मध्ये डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय. म्हणजे कॉर्न स्नेकचा साधा "अल्बिनो" ज्या जनुकामुळे, त्याच जनुकामुळे बॉल पायथनचा "लॅव्हेंडर". आणि कॉर्न स्नेकमध्ये ज्याला लॅव्हेंडर म्हणतात तो तर एलवायएसटी या भलत्याच जनुकाचा. तेव्हा नावावर जाऊ नका, जोडीतून काय निघालं ते बघा.

हा अ‍ॅमेल कॉर्न स्नेक माझ्या आवडीचा, कारण त्याची पहिली हिशेबी पैदास एका त्वचारोगतज्ज्ञाने केली. बर्नार्ड बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात सापडलेल्या एका अ‍ॅमेल नरापासून सुरुवात. त्याच्या साध्या दिसणाऱ्या मुलांमध्ये दडलेला गुण पुढच्या पिढीत, १९६१ साली, वर आला. डॉक्टर दिवसा माणसांची त्वचा बघत, घरी सापांची.

ओहायोकर

वाचतोय, मुलालाही वाचून दाखवतोय. त्याची एक हरकत आहे आणि मला ती रास्त वाटते. तो म्हणतो, मादी आपल्याकडे यायच्या आधी दुसऱ्या साध्या नराबरोबर होती, आणि माद्या शुक्राणू साठवून ठेवतात असं त्याने वाचलंय. मग बाप आपला नर नसेलच तर? तरीही पिल्लं साधीच निघतील ना?

डबल_हेट

पोरगं हुशार आहे. शुक्राणू साठवतात हे खरं आहे आणि नुसती पिल्लं बघून ही शक्यता फेटाळता येणार नाही. पण आता सोपा उपाय आहे. पिल्लं पहिली कात टाकतील ती जपून ठेवा, इथे व्यावसायिक प्रयोगशाळा कातेवरून अल्बिनोची चाचणी करतात. पिल्लात बापाकडचं अल्बिनो जनुक सापडलं तर बाप तुमचाच.

कृष्णाकाठ, हेट म्हणजे जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली. दिसायला साधा, पोटात गुण लपलेला. असे दोन गुण लपलेले असले की डबल हेट. हेट आणि हेट यांची जोडी लावली की सरासरीने चारात एक अल्बिनो, दोन हेट, एक पूर्ण साधा. अल्बिनो लगेच ओळखू येतो. उरलेल्या तीन साध्यांपैकी दोन हेट, पण कुठले दोन ते कळत नाही. म्हणून त्या तिघांनाही "६६ टक्के पॉसिबल हेट" म्हणून विकतात. साप पूर्ण असतो, खात्री दोन-तृतीयांश असते. त्यातला एखादा खरंच हेट आहे का हे बघायला तो अल्बिनोशी लावायचा. एक जरी पिल्लू पांढरं निघालं तरी सिद्ध. सहा अंड्यांतून सहाही साधी निघाली तर? हेट असूनही असं होण्याची शक्यता ६४त १. तेवढ्यावर मी त्याला साधा मानतो.

एक बजावतो. "चारात एक" याचा अर्थ चार अंड्यांत एक असा नाही. हेट जोडीच्या सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण चार ते आठ अंडी देते, वयात यायला तिला तीनेक वर्षं लागतात, अंडी फुटायला दोन महिने. त्यामुळे नशीब फिरलं की सरळ एक वर्ष गेलं. नवीन लोक इथेच वैतागतात.

सगळेच गुण असे लपून बसणारे नसतात. पॅस्टेल, मोजावे, लेसर या मॉर्फची एक प्रत असली तरी रंग बदललेला दिसतो, आणि दोन प्रती आल्या की तिसरंच रूप. मोजावेला मोजावे लावा, चारात एक पिल्लू जवळजवळ शुभ्र आणि निळ्या डोळ्यांचं. मोजावेला लेसर लावलं तरी तेच, कारण ही दोन्ही एकाच जनुकाची रूपं. धंद्यात यांना सरसकट "को-डॉमिनंट" म्हणतात...

जनुकवाली

...आणि ते चूक आहे. हा अपूर्ण प्रभावीपणा. सहप्रभावी म्हणजे दोन्ही रूपं शेजारी शेजारी पूर्ण दिसणं, माणसाच्या एबी रक्तगटासारखं. मान्य आहे, लढाई हरलेली आहे.

डबल_हेट

हरलेलीच. जाहिराती छापून झाल्या. 😀

शंकासुर

सगळं वाचलं. गणित रंजक आहे, पण मूळ मुद्द्याला कोणी हात लावत नाही. हे सगळं कशासाठी? रंगाच्या हौसेपायी प्राण्यांत दोष पेरायचे आणि मग त्यांना नावं देऊन विकायचे. स्पायडर नावाच्या मॉर्फचे व्हिडिओ बघा. डोकं मागे उलटतं, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो. हे "सुंदर" म्हणून विकतात.

जनुकवाली

शंकासुर, स्पायडरबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचं कारणही आता कळलंय. २०२२च्याच एका अभ्यासात स्पायडर सापांच्या कवट्यांचं सीटी स्कॅनिंग केलं. त्यांच्या आतल्या कानाची घडणच बिघडलेली आहे: तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांना लागून असलेली पिशवी, दोन्ही वेड्यावाकड्या. म्हणजे हा लाडका "वॉबल" (डोकं डुलणं) हा मेंदूचा चाळा नव्हे, सापाला वर कुठलं आणि खाली कुठलं हेच नीट कळत नाही.

रंगाचा आणि कानाचा काय संबंध? रंगपेशी गर्भाच्या पाठीवरच्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या पट्ट्यातून निघतात आणि तिथून अंगभर पसरतात. त्याच पट्ट्यातल्या पेशी कानाच्या आतही जातात. त्या प्रवासात गडबड झाली तर नक्षीही बदलते आणि इतर अवयवांतही दोष येतो. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण जास्त दिसतं, डालमेशियन कुत्र्यांतही, तिथेही संबंध याच पेशींशी आहे.

पण सगळे मॉर्फ एका मापाने मोजू नका. अल्बिनो आणि लॅव्हेंडरमध्ये पेशी आपापल्या जागी पोचलेल्या असतात, फक्त आतला कारखाना बंद असतो. उजेड त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही, बाकी ते धडधाकट असतात. नक्षी बदलणाऱ्या मॉर्फकडे मात्र जास्त संशयाने बघावं असं माझं मत.

पायबाल्ड घ्या, पांढऱ्या अंगावर मध्येच रंगीत पट्टे. त्याचा संबंध टीएफईसी जनुकाशी आहे असं २०२३ साली दिसलं. अ‍ॅनोल नावाच्या सरड्यात तेच जनुक मोडून पाहिलं, तर त्याच्याही रंगपेशी बिघडल्या. पायबाल्ड असणं-नसणं जनुक ठरवतं, पण पांढरा भाग किती आणि कुठे हे त्या एका जनुकावरून सांगता येत नाही. एकाच वेतातली दोन भावंडं, एक जवळजवळ पूर्ण पांढरं, दुसऱ्याला जेमतेम एक ठिपका.

डबल_हेट

मी स्पायडर बंद केले. पण त्याचा हिशेब ऐका. १९९०च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून सगळे स्पायडर झाले. प्रभावी गुण, त्यामुळे एक साप आणला की पुढच्याच वर्षी निम्मी पिल्लं स्पायडर. पैसा लगेच. आणि डोकं हलणं कमी असलेले निवडत गेलो की दोष जाईल, असं आम्ही लोक म्हणत आलो. गेला नाही. नक्षी आणि दोष एकाच जनुकाचे असतील तर निवडणार काय?

स्पायडरला स्पायडर लावून दोन प्रतींचा जिवंत साप कुणी खात्रीलायक दाखवलेला नाही. शॅम्पेन मॉर्फमध्ये दोन प्रतींची पिल्लं वाचत नाहीत. सिनॅमन मॉर्फच्या दोन प्रती आल्या की चोच आल्यासारखं तोंड आणि वाकडा कणा निघतो, सगळ्यांत नाही, पण निघतो. कॅरॅमल अल्बिनोतही कण्याची तक्रार आहे. हे जाहिरातीत लिहीत नाहीत, ते मात्र शंकासुरांचं खरं.

पण "दोष पेरतात" हे पटत नाही. एकही मूळ मॉर्फ आम्ही बनवलेला नाही. घाना, टोगो, बेनिनमधून दरवर्षी ढिगाने पिल्लं निर्यात व्हायची, त्यात एखादं वेगळं दिसायचं, ते बाजूला ठेवलं जायचं. पहिला अल्बिनो बॉब क्लार्क यांनी १९९२ साली पैदास करून वंशागत सिद्ध केला, पायबाल्ड पीटर काल यांनी १९९७ साली. सगळा जंगलातला माल.

शंकासुर

जंगलात तो एकटा निघतो आणि घारीच्या तोंडी जातो. तुम्ही त्याचे हजार करता. फरक एवढाच, आणि माझ्या मते पुरेसा.

कृष्णाकाठ

मध्ये पडतो. आमच्याकडेही पांढरा साप निघतो. नाग, तस्कर, कवड्या. गावात लगेच हार, नारळ, दूध, फोटो. लोकांना वाटतं शेकडो वर्षं जगलेला असणार. खरं तर तो बहुतेक वेळा पिल्लू असतो, कारण मोठं होईपर्यंत टिकणारे थोडे. आम्ही इतर सापांसारखाच तोही वनविभागाला कळवून सोडतो. इथलं वाचल्यावर लक्षात आलं की एक पांढरा निघाला म्हणजे त्याच्या आईबापांत दोघांच्याही पोटात ते जनुक होतं. आजूबाजूला त्याची हेट भावंडंही असणार, साधी, कुणाच्या लक्षात न येणारी.

(अवांतर: बेनिनमध्ये उइदा नावाच्या गावात या बॉल पायथनचं देऊळ आहे, गावकरी त्याला मारत नाहीत. शिराळ्याच्या माणसाला हे वाचून फार बरं वाटलं.)

आकडेमोड

मूकवाचक, पण एक सांगायचा मोह आवरत नाही. बनाना मॉर्फचं कोणी बोललं नाही. या मॉर्फचे काही नर असे की त्यांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नर. काही नर असे की बनाना पिल्लं जवळजवळ सगळ्या माद्या. ब्रीडर त्यांना "मेल मेकर" आणि "फीमेल मेकर" म्हणायचे. आणि नियमही सापडला होता: बापाकडून बनाना मिळालेला नर मेल मेकर, आईकडून मिळालेला फीमेल मेकर.

पुस्तकांत मात्र लिहिलेलं की सापांत पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू पद्धत, म्हणजे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं मादीकडे. तसं असेल तर बापाच्या बाजूने असा हिशेब जुळतच नाही. जुळतो तो माणसासारखी एक्स-वाय पद्धत धरली तर. बनाना वायवर बसला की मुलगे, एक्सवर बसला की मुली. अधूनमधून दोन गुणसूत्रांत अदलाबदल होते म्हणून अपवाद. २०१७ साली संशोधकांनी डीएनएवरून दाखवलं की बोआ आणि पायथनमध्ये खरंच एक्स-वाय आहे. कॉर्न स्नेक, नाग वगैरे झेड-डब्ल्यूच. गॅरेजमधल्या वह्यांत ते आधीच दिसत होतं, ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

बटाटावडा

म्हणजे मुलगा-मुलगी बापावर, आणि बाप कसा हे आजीवर. आमच्या सासूबाईंना वाचायला देतो.

ओहायोकर

कातेचे निकाल आले. सहाही पिल्लांत अल्बिनोची एक प्रत आणि लॅव्हेंडरची एक प्रत. बाप आमचाच. चिरंजीवांनी विकणाऱ्याला लिहिलेला रागाचा मेल पाठवला नव्हता, तो डिलीट केला.

आता त्याचा पुढचा बेत. यातलीच एक नर-मादी जोडी मोठी झाली की लावायची, म्हणजे अल्बिनो, लॅव्हेंडर आणि "दोन्ही मिळून" असा नवाच साप निघेल. कॉर्न स्नेकमध्ये अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी (लाल रंग नसलेला मॉर्फ) मिळून पांढराफेक "स्नो" होतो म्हणे. तसं इथे होईल का?

जनुकवाली

नाही. स्नो होतो कारण तिथे दोन वेगळी खाती बंद पडतात, एक काळं आणि एक लाल. तुमच्याकडे दोन्ही बिघाड एकाच काळ्या खात्यात आहेत. टायरोसिनेज नसेल तर पहिली पायरीच होत नाही, मग पुढे ओसीए२ चांगलं असो की वाईट, करायला काम उरत नाही. सोळात नऊ साधी, तीन अल्बिनो, तीन लॅव्हेंडर आणि एक दोन्हींचं, असा हिशेब आहे. ते सोळावं पिल्लू बहुधा अल्बिनोसारखंच दिसेल. ओळखायला पुन्हा कातच पाठवावी लागेल.

डबल_हेट

शिवाय सहा अंड्यांत ते सोळावं न निघण्याची शक्यता ६८ टक्के. तीन वर्षं थांबून, भावाबहिणीची जोडी लावून, दिसायला अल्बिनोच. मी असतो तर लावली नसती. पिल्लं द्यायची असतील तर डब्यावर स्पष्ट लिहा: "१०० टक्के हेट अल्बिनो, १०० टक्के हेट लॅव्हेंडर", सोबत निकालाची प्रत. नुसतं "हेट अल्बिनो" लिहिलंत तर पाच वर्षांनी दुसरा कुणी हाच धागा काढेल.

ओहायोकर

लेबलं आजच छापतो. जोडीचं मात्र मुलगा ऐकेल असं दिसत नाही. सोळावं पिल्लू कसं दिसतं ते त्याला बघायचंच आहे म्हणे.